रॅम शेवटी घेऊ

३ मार्च

भाऊजी,

आम्ही दोघी ठीक आहोत. आईंचा गुडघा होता तसाच आहे आणि जीभही होती तशीच आहे, तेव्हा काळजी नसावी.

पत्र बघून तुम्ही चकित व्हाल. मी फोन उचलत नाही हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. हे गेल्यापासून फोनवर जो येतो तो आधी गप्प बसतो, मग सुस्कारा सोडतो, मग "कसं झालं हो एकाएकी" म्हणतो, आणि शेवटी मलाच त्याची समजूत काढत बसावं लागतं. पत्रात निदान सुस्कारा ऐकू येत नाही. शिवाय तुमच्या त्या वीजकेंद्रात, धरणाच्या पोटात, रेंजही नसते. म्हणजे तुम्हालाही सबब शोधायला नको.

काम असं आहे. ह्यांनी माझ्यासाठी कॉम्प्युटर जुळवायला घेतला होता ना, तो जेवणाच्या टेबलावर उघडा पडला आहे. बोर्ड, प्रोसेसर, डिस्क, पॉवर सप्लाय, सगळं डब्यात बसवून झालंय. वायरी ह्यांच्या पद्धतीप्रमाणे वेणी घातल्यासारख्या बांधून झाल्यात. फक्त रॅम नाही. "रॅम शेवटी घेऊ, रोज काहीतरी नवीन येतंय," असं म्हणत होते. दिवसभर लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करून आलेला माणूस संध्याकाळी पुन्हा ह्या डब्यात डोकं घालून बसायचा, आणि चहा निवला की मलाच विचारायचा, चहा कुणी निववला म्हणून. आम्ही दोघी आता ओट्याशी जेवतो. आईंसाठी स्टूल ठेवलंय, मी उभी.

मशीन मला लवकर पाहिजे. माझं काम तुम्हाला ठाऊक आहे, विमानातून काढलेले जमिनीचे फोटो जोडून सलग नकाशा करायचा. जुन्या मशीनवर चार फोटो उघडले की ते मान टाकतं. साहेबांनी घरून काम करायला दिलंय ते एका अटीवर, एप्रिलअखेर घरी दमदार मशीन चालू पाहिजे. चालू झालं की ऑफिसचा माणूस येऊन सॉफ्टवेअर टाकून जाईल. तोवर मी अधूनमधून अर्धा दिवस ऑफिसात जाऊन येते. मशीन नाही झालं तर रोज ऑफिसात हजर व्हायचं, नाहीतर काम सोडायचं. आई मागच्या महिन्यात न्हाणीघरात पडल्या. त्यांना दिवसभर एकटं ठेवून मी जाऊ शकत नाही आणि पगाराशिवाय घरी बसूही शकत नाही. म्हणजे माझं सगळं घोडं ह्या एका रॅमपाशी अडलंय.

काल दुकानात गेले होते. तिथल्या चष्मेवाल्याने विचारलं, डीडीआर फोर की फाइव्ह? मी म्हटलं, रॅम. तो म्हणाला, हो, पण कुठली? मी परत आले.

तर कुठली ते कळवा.

मी रडत का नाही असं बायका आईंना विचारून जातात. मला काही होतच नाही. भूक लागते, झोप लागते, बसची वेळ लक्षात राहते. सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं. त्यावर काही लिहू नका.

तुमची वहिनी


१० मार्च

ती. वहिनी,

लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही.

मी येऊन दहा मिनिटांत रॅम बसवून जाऊ शकतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. नियंत्रण कक्षात आम्ही दोघंच, आणि जोडीदार रजेवर गेलाय. हे खरं आहे. तो रजेवर नसता तरी मला दुसरं काहीतरी कारण सापडलं असतं, हेही खरं आहे. त्या टेबलाशी बसायचं माझ्या जिवावर येतं. इथे मी आकडे बघतो, वहीत उतरवतो, पुन्हा आकडे बघतो. बरं चाललंय.

आता रॅमचं. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची हिरवी किंवा काळी पट्टी, तुम्ही जुन्या मशीनमध्ये पाहिली असेल. फोर आणि फाइव्ह ह्या तिच्या दोन पिढ्या. लांबी सारखीच, पण खालच्या कडेला जी खाच असते ती दोघींची वेगळ्या जागी. फोरच्या जागी फाइव्ह जात नाही. जोर लावला तर बोर्ड तुटतो, पट्टी जात नाही ती नाहीच. तेव्हा दुकानदार "बसेल हो" म्हणाला तरी ऐकू नका. बोर्डवर जिथे रॅमचे लांब स्लॉट आहेत तिथेच शेजारी बारीक पांढऱ्या अक्षरांत पिढी छापलेली असते. चष्मा लावून वाचा. बोर्डचं नाव मोठ्या अक्षरांत असेल, तेही लिहून पाठवा.

दादाने कूलर कुठला घेतलाय? प्रोसेसरच्या डोक्यावरचा पंखा. दादाचा स्वभाव पाहता तो अवाढव्यच असणार. तसले कूलर रॅमच्या अंगावर येतात, आणि मग उंच रॅम त्याच्याखाली मावत नाही. बोर्डपासून पंख्याच्या खालच्या कडेपर्यंत किती जागा आहे ते मोजून कळवा.

घाईने काही विकत घेऊ नका. रॅम चुकीची आली तर मशीन काही बोलत नाही, नुसतं बसून राहतं.

आईला सांगा मी जेवतो.

धाकटा


१६ मार्च

भाऊजी,

चष्मा लावून वाचलं. डीडीआर फाइव्ह आहे. बोर्डचं नाव वेगळ्या कागदावर अक्षरन् अक्षर उतरवून सोबत ठेवलंय, कारण ते नाव कमी आणि गाडीचा नंबर जास्त वाटतो. स्लॉट चार आहेत.

कूलर अवाढव्यच आहे. आई त्याला पाण्याची टाकी म्हणतात. पुढच्या बाजूला पंखा, तो प्रोसेसरच्या बाजूच्या पहिल्या स्लॉटवर असा काही रेललाय की तिथे माझ्या करंगळीचं टोकही जात नाही. बाकीचे तीन मोकळे आहेत, पण दुसऱ्यावर त्याची कड थोडी येते. आईंच्या शिवणाच्या टेपने मोजलं, दुसऱ्या स्लॉटपाशी बोर्डपासून कडेपर्यंत चार सेंटिमीटर, किंचित कमीच.

टेप धरायला आईंना बोलावलं होतं. त्यांनी एक टोक धरलं आणि म्हणाल्या, "हा डबा हलवणार कधी?" मी म्हटलं, चालू झाला की. त्या म्हणाल्या, "आणि चालू कधी होणार?" मी म्हटलं, तुमच्या धाकट्याचं पत्र आलं की. मग म्हणाल्या, तो लहानपणापासून असाच, दुसऱ्याला काम सांगून आपण लांब उभा. टेप सोडून आत गेल्या. सोडताना ती मला सपकन बोटाला लागली.

त्या ह्यांचं नाव काढत नाहीत. मीही काढत नाही. घरात आम्ही डबा म्हणतो, पंखा म्हणतो, टेबल म्हणतो, आणि तेवढ्यावर आमचं भागतं.

साहेबांनी परवा पुन्हा आठवण केली. माणूस चांगला आहे. बोलताना माझ्याकडे बघत नाही, माझ्या मागच्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघतो. "तुमची अडचण मी समजतो, पण एप्रिलनंतर मला वर उत्तर द्यावं लागेल," म्हणाला. मी हो म्हटलं. जागेवर येऊन नदीकाठचे तुकडे जोडत बसले. दोन फोटोंमधली नदी काही केल्या जुळेना. एकात पाणी चढलेलं, दुसऱ्यात ओसरलेलं. कडा तिऱ्हाइतासारख्या एकमेकींकडे बघत होत्या. मी दोन्हींचा मध्य धरून रेघ मारली आणि पुढे गेले. पूर्वी असल्या एका तुकड्यासाठी मी दिवस घालवला असता.

आता सांगा, कुठली घेऊ.

वहिनी


२३ मार्च

ती. वहिनी,

तुम्ही कागदावर जे नाव पाठवलंत ते इथल्या ऑफिसच्या इंटरनेटवरून बोर्डच्या कंपनीच्या साइटवर शोधलं. प्रत्येक बोर्डसाठी कंपनी एक यादी देते, कुठकुठली रॅम त्यांनी स्वतः लावून पाहिली त्याची. यादीबाहेरची चालत नाही असं नाही, पण ह्या पिढीचे बोर्ड जरा नखरेल आहेत. आपण यादीतलीच घेऊ. नंबर खाली लिहिलाय. दुकानात तोच दाखवा आणि पाकिटावरचा शेवटचा अंकसुद्धा ताडून बघा. शेवटी एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी आतली चीज वेगळी असते.

मी ही का निवडली ते सांगतो, म्हणजे दुकानदाराने फाटे फोडले तर तुम्हाला उत्तर देता येईल. तुमच्या नकाशांना चौसष्ट जीबी पाहिजे. ते बत्तीसच्या दोन पट्ट्यांत घ्यायचं, सोळाच्या चार घ्यायच्या नाहीत. चारही स्लॉट भरले की ह्या बोर्डांना पेलत नाही, वेग उतरतो. शिवाय पहिल्या स्लॉटवर तुमची टाकी बसली आहे. दोन्ही पट्ट्या एकाच पाकिटातल्या हव्यात, आज एक उद्या एक असं नको. उंची साडेतीन सेंटिमीटरच्या आतली आहे, डोक्यावर कंगवा असलेली दिमाखदार रॅम ते दाखवतील, ती नको. त्याहून वेगवान पण मिळेल, तीही नको. तुम्हाला शर्यत नाही लावायची, महिनोन्महिने न बिघडता चालणारं मशीन हवंय. सर्व्हरमधून काढलेली रॅम कुणी पुढे केली तर दुकानातून सरळ बाहेर या.

बसवायची दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, प्रोसेसरकडून मोजायचं. आधी वीज काढा. दुसऱ्या स्लॉटसाठी कूलरचा पंखा क्लिपा काढून थोडा वर सरकवा. खाच जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा, खट् आवाज होईपर्यंत.

आणि हे नीट वाचा. पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा बराच वेळ काळाच राहील. पंखे फिरतील आणि काहीच दिसणार नाही. मशीन आतल्या आत नव्या रॅमशी जुळवून घेत असतं. लोक घाबरून तेवढ्यात बंद करतात आणि मग मला फोन करतात. तुम्ही बंद करू नका. सगळं ठीक असेल तर शेवटी पडद्यावर मेमरीसमोर चौसष्ट दिसेल.

आईला म्हणावं, लांब उभा राहून सांगणाराही एक माणूस लागतो.

धाकटा


२ एप्रिल

भाऊजी,

रॅम आणली. चष्मेवाल्याला नंबर दाखवला तर तो दोनदा माझ्याकडे बघून गोदामात गेला आणि घेऊन आला. कंगव्याची दाखवली नाही. शेवटचा अंकही जुळतो.

बसवली. दुसऱ्या आणि चौथ्यात. चालू केलं तर लगेच पीं पीं पीं असं तीनदा वाजलं आणि बंद पडलं. पडदा काळाच. पुन्हा केलं, पुन्हा तसंच.

मला वाटतं जुळत नाही. तुम्ही वेगळी सुचवा. घाई नाही.

आई बऱ्या आहेत.

वहिनी


९ एप्रिल

ती. वहिनी,

असं व्हायला नको होतं. यादीतली रॅम, नंबर बरोबर, स्लॉट बरोबर. मी इथे बसून पुन्हा यादी तपासली, तुमचा कागद तपासला. तरी काही राहिलं असेल तर असं करून बघा. दोन्ही काढा आणि पुन्हा दाबून बसवा, नव्या स्लॉटांना पहिल्यांदा चांगलाच जोर लागतो. मग एकच पट्टी चौथ्यात घालून चालू करा. ती काढून दुसरी घाला. म्हणजे एखादी पट्टीच सदोष असेल तर कळेल. बोर्डच्या कडेला चार बारीक दिवे आहेत, नावं लिहिलेले. कुठला पेटून राहतो ते कळवा.

आणि थांबा. वहिनी, बंद न करता खरंच थांबा. तीनदा वाजलं म्हणता, ते वाजल्यावर लगेच बंद केलंत का?

एप्रिलचा पहिला आठवडा गेलासुद्धा. घाई नाही असं तुम्ही लिहिलंत ते माझ्या गळी उतरलं नाही. मार्चमध्ये तुम्हीच लिहिलं होतं, घोडं अडलंय म्हणून. साहेबांकडून आठवडाभराची सवलत मागता येईल का ते विचारा.

जोडीदार रजेवरून आलाय. दिवसभर लग्नाचे फोटो दाखवतो. मी बघतो.

धाकटा


१४ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही लिहिलंत तसं सगळं करून पाहिलं. दाबून बसवली. एकेक घालून पाहिली. पुष्कळ वेळ थांबले. मग पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्येही घालून पाहिली, पहिल्यात तर अगदी सहज बसली. तरी दर वेळी तेच, तीनदा पीं पीं. दिवा रॅमचाच पेटतो.

ती परत करून दुसरी घ्यावी असं मला वाटतं. तुम्ही सावकाश शोधून कळवा, तोवर मी काही करत नाही. नाहीतर बोर्डच बदलायला लागेल का? तसं असेल तर तेही सांगा, त्यालाही वेळ लागेलच.

साहेबांना विचारलं. नाही म्हणाले. तीस तारखेला ऑफिसचा माणूस दुसरीकडे जाणार आहे, त्याआधी मशीन चालू नसेल तर माझं काम दुसऱ्या बाईला देतील. ती शिकाऊ आहे पण रोज येते. साहेब ह्या वेळी नकाशाकडे न बघता माझ्याकडे बघून बोलले, त्यावरून मी समजले. ऐकताना मला काही वाटलं नाही. घरी आले, आईंना गोळ्या दिल्या, ओट्याशी उभी राहून जेवले.

वहिनी


२० एप्रिल

ती. वहिनी,

ह्या पत्राला मी दोन दिवस लावले. आता सरळच लिहितो.

मशीन वाजू शकत नाही. वाजण्यासाठी बोर्डला एक बीपर जोडावा लागतो, नखाएवढा. नव्या बोर्डांत तो नसतो, वेगळा लावावा लागतो. आणि दादाने आयुष्यात तो कधी लावला नाही. आम्ही दोघं मशीन जुळवायला शिकलो तेव्हापासून तो म्हणायचा, दिवसभर लिफ्टमध्ये ह्याहून वाईट वाजतं, घरी नको. तुमच्या जुन्या मशीनमध्ये तो होता, कारण ते तयार आणलेलं. तीनदा पीं पीं ते तिथलं. तुम्ही तिथून उचललंत.

आणि पहिल्या स्लॉटमध्ये तुमची करंगळी जात नव्हती.

थाप मारायची तुम्हाला सवय नाही, वहिनी. सराईत थापाड्या एवढ्या तपशिलात जात नाही.

पाकीट अजून फोडलेलंच नाहीये ना?

मी रागावलो नाही. पहिल्या पीं पींलाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कदाचित आलंही होतं. पण मग मी नवी पट्टी कशी तपासायची ते लिहायला बसलो, कारण त्यात मला बरं वाटत होतं. तुम्ही विचारायचं, मी सांगायचं, आणि टेबलावर दादाचं काम अजून चालू आहे असं दोघांनी धरून चालायचं. तुमच्याइतकाच मीही त्यात होतो. इथे आकडे उतरवताना मधेच मला वाटायचं, तिकडे मशीन अजून व्हायचंय. ते झालं की मला त्याच्याबद्दल विचार करायला काही उरणार नाही.

पण तीस तारखेला तुमचं काम जाईल. ते गेलं की आईचं आणि तुमचं कसं व्हायचं ते मी तुम्हाला सांगायला नको. टेबल अर्धं ठेवून दादा अर्धा परत येत नाही. हे मी स्वतःलाही सांगतोय.

जोडीदार परत आलाय, म्हणजे माझी सबबही संपली. तुम्ही "या" एवढं लिहिलंत तर मी येतो आणि बसवून देतो. टेबलाशी बसतो. तुम्हाला स्वतः बसवायची असेल तर दुसरा आणि चौथा, बाकी सगळं आधी लिहिलं तसंच. रॅम बरोबर आहे. पहिल्यापासून बरोबर होती.

धाकटा


२५ एप्रिल

भाऊजी,

तुम्ही या. मशीनसाठी नको, ते झालं. नुसते या.

पाकीट बंदच होतं. दुकानातून आणलं तेव्हापासून ते टेबलावर, डब्याच्या शेजारी. मी रोज त्याच्यावरची धूळ पुसत होते. आता तुम्हाला सगळं कळलंच आहे तर लिहून टाकते. डबा उघडा असेपर्यंत ते टेबल बघून असं वाटायचं की हा माणूस काहीतरी आणायला खाली गेलाय, एवढ्यात येऊन बसेल. येणार नाही हे मला माहीत होतं. मला वेड लागलेलं नाही. पण दाराशी चपला काढताना नजर आधी टेबलाकडे जायची, आणि तेवढ्या क्षणापुरतं मला बरं वाटायचं. दिवसातून तेवढंच बरं वाटायचं. ते माझ्या हातांनी मला संपवायचं नव्हतं. त्यासाठी नोकरी गेली तरी चालेल, इथपर्यंत मी आले होते. आईंना काय सांगणार होते कुणास ठाऊक.

तुमचं पत्र वाचून मला राग आला. खूप दिवसांनी काहीतरी आलं. तुमचा नाही, त्या "अर्धा परत येत नाही"चा. पत्र घडी घालून ठेवलं, पाकीट फोडलं आणि बसले.

पंखा वर सरकवला. एक क्लिप हातातून सटकून खाली पडली, ती शोधायला टेबलाखाली वाकले. मग दुसऱ्यात एक, चौथ्यात एक. पहिली खट् झाली. दुसरी होईना. किती जोर लावायचा ते कळेना, बोर्ड तुटेल असं वाटत होतं. मग तुटला तर तुटला म्हणून दोन्ही अंगठे टेकवून दाबलं, तेव्हा झाली. वीज लावली, बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळा. तुम्ही सांगितलं होतं म्हणून बंद केलं नाही, नुसती बसून राहिले. आई आत पडल्या होत्या. बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. मी मनात म्हणत होते, नाही लागलं तर बरं होईल.

आणि लागलं. पडद्यावर अक्षरं आली, मेमरीसमोर चौसष्ट.

मी खुर्चीत मागे वळले आणि मोठ्यांदा म्हणाले, "अहो, लागलं बघा."

हे मी ठरवून म्हटलं नाही. कुठलीही गोष्ट लागली, सुटली, जमली, की मी ह्यांनाच हाक मारत आले. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावरही मला लगेच कळलं नाही. मी उत्तराची वाट बघत होते.

आतून आई म्हणाल्या, "अगं, तो नाहीये."

अगदी साध्या आवाजात. कुणी दाराशी आलं आणि ह्यांच्याबद्दल विचारलं की पूर्वी त्या जसं सांगायच्या तसं. एवढ्या दिवसांत आमच्या घरात ते वाक्य कुणी बोललं नव्हतं, भाऊजी.

मी "हो" म्हटलं. मग मी रडले. आवाज काढून रडले, माझा मलाच ओळखू येत नव्हता. थांबवायचा प्रयत्नही केला नाही. आईंच्या काठीचा आवाज आला. त्या बाहेर आल्या, माझ्याजवळ उभ्या राहिल्या. मला वाटलं डोक्यावरून हात फिरवतील. नाही फिरवला. त्यांच्याही डोळ्यांना धार लागली होती आणि त्या ती पुसत नव्हत्या. त्यांनी टेबलाची दुसरी खुर्ची ओढली, ह्यांची, आणि गुडघा धरून तिच्यावर बसल्या. मग पदराने नाक पुसलं आणि पडद्याकडे बघून म्हणाल्या,

"दाखव, काय लागलंय ते."

मी दाखवलं.

तुमची वहिनी